उजव्या हाताचा कौल

शिरूर, १६ नोव्हेंबर

प्रिय सत्यजीत,

फोन तू उचलत नाहीस. मेसेजवर निळ्या खुणा होतात आणि पुढे काही नाही. म्हणून हे पत्र. पत्र फाडता येतं, पण फाडायच्या आधी माणूस दोन ओळी वाचतोच, एवढं मी माझ्या भावाला ओळखते. तर त्या दोन ओळी आधी लिहिते. आईला फिट्स येतात, मेंदूचं ऑपरेशन सांगितलंय. आणि ती नाही म्हणते.

अजून वाचतोयस? मग नीट सांगते. गेल्या वर्षी दिवाळीनंतर आईला घेऊन शिक्रापूरला ह्यांच्या बहिणीकडे गेले होते. हायवेच्या कडेला रिक्षाची वाट बघत उभ्या होतो. आई म्हणाली, "अनिते, वास आला." तोच वास, करपलेल्या तिळाचा, जो तिच्याशिवाय आजवर कुणाच्या नाकाला आला नाही. मी हातातली पिशवी खाली ठेवेपर्यंत ती चालायला लागली होती, सरळ रस्त्यावर. डोळे उघडे, ओठांची मचमच चालू आणि समोरून कंटेनर. ड्रायव्हरने ब्रेक मारला तो आईपासून हातभर अंतरावर. खाली उतरून मला ओरडत होता, "माताजी को संभालो ना!" आणि आई त्याच्या गाडीला बांधलेली झेंडूची माळ उजव्या हाताने चाचपत उभी होती. गर्दीतली एक बाई चपला काढून तिच्या पाया पडली.

मी काही पाया पडले नाही. तिचा दंड धरून तिला कडेला ओढत आणलं. आईच्या अंगात देवी येते म्हणून इतकी वर्षं मीही हात जोडत आले, पण तिथे पहिल्यांदा मनात आलं की देवी असती तर तिला कंटेनर दिसला असता.

मग शिरूरचे डॉक्टर, त्यांनी पुण्याला धाडलं. तिथले डॉ. अजीम आपल्या घोडनदीतच वाढलेले, त्यामुळे आईशी आपल्यासारखं बोलतात. म्हणाले, "मावशी, फिट म्हंजी हातपाय झाडणं, तोंडाला फेस, असं लोकांना वाटतं. तुमची तशी नाय. यात माणूस उभा असतो, डोळे उघडे असतात, पण त्याला कशाचं भान नसतं." कानशिलाच्या आत मेंदूचा जो भाग असतो त्याला टेम्पोरल लोब म्हणतात. वास, ओळखीचे चेहरे, आवाज, आठवणी, सगळ्याचा कारभार तिथून चालतो. आबा आपल्याला जिथे वाजवायचे बरोबर त्याच्या आत. मला त्या दवाखान्यात हसू आलं, काय करू. आई दोन वर्षांची असताना तापात तिला तासभर आकडी आली होती, मावशी सांगायची ना? तेव्हा आत व्रण राहिला असावा, असं ते म्हणाले. लग्न होऊन निमोण्यात आल्यावर तो जागा झाला आणि सासरच्या माणसांनी हळदीकुंकू लावलं.

वर्षभरात तीन तऱ्हेच्या गोळ्या झाल्या. फिट्स थांबल्या नाहीत, उलट वाढल्या. तव्यावर हात टेकवून तिने तळवा भाजून घेतला. आता डॉक्टर म्हणतात, ऑपरेशन करून तेवढा खराब भाग काढला तर बरं व्हायची चांगली आशा आहे. नाहीतर एखादी मोठी फिट झोपेत येईल आणि ती उठणार नाही. आईचं उत्तर एकच, "देवी जाईल." शुक्रवारी अजून पाचपन्नास बाया तिच्यापुढे ओटी घेऊन बसतात. त्यांना ती काय सांगणार, देवीला डॉक्टरने काढून टाकलं?

तिने ऐकलं तर तुझंच ऐकेल. देवीने तुला घराबाहेर काढलं असं ती मानते आणि त्याचं दुःख करते, पण देवीचा शब्द तिने कसा मोडायचा? नऊ वर्षं झाली. दौंड काही परदेशात नाही. मी एसटीत कंडक्टर आहे, मला अंतर सांगू नकोस. दौंडच्या गाडीवर ड्युटी लागली की मी बदलून घेते. स्टँडवर तू दिसलास आणि मान फिरवलीस तर पुढच्या गर्दीला तिकिटं फाडायचं बळ माझ्यात राहणार नाही.

अनिता


पुणे, २९ नोव्हेंबर

सत्यजीत,

उत्तर नाही, ठीक. मी लिहितेच आहे, कारण दवाखान्यात मला दुसरं काम नाही. आई तपासणीला तयार झाली, ऑपरेशनला नाही. तिच्या डोक्याला वायरी चिकटवल्यात, वर पागोट्यासारखी पट्टी, समोर भिंतीवर कॅमेरा. फिट यावी म्हणून गोळ्या कमी केल्या. घरी देवी यावी म्हणून किती उदबत्त्या जाळल्या आपण, आणि इथे गोळी कमी केली की हजर.

चार फिट्स रेकॉर्ड झाल्या. डॉ. अजीमांनी मला खोलीत बोलावलं आणि संगणकावर एकापाठोपाठ एक दाखवल्या. 

आपल्या घरचा कौल आठव. आई म्हणायची "वास आला" आणि आबा देव्हाऱ्यातलं तबक उचलून आणायचे. त्यात दोन ढीग तांदळाचे, एकावर सुपारी, एकावर बिब्बा. सुपारी होकाराची, बिब्बा नकाराचा. तबक आईच्या मांडीवर ठेवायचं, आबांनी प्रश्न मोठ्याने सांगायचा. देवी विडा चघळायला लागली म्हणून बाया हात जोडायच्या. मग आईचा हात तबकात फिरायचा आणि जे उचललं जाईल तो कौल. आईला यातलं काही आठवायचं नाही. भानावर आली की विचारायची, "काय म्हनली देवी?"

संगणकावर चारही वेळा तेच दिसलं. आधी ओठांची मचमच. तो विडा बिडा काही नाही, फिटमध्ये असं होतंच म्हणतात. मग डावा हात ताठतो, मनगट वाकडं होतं आणि तसंच राहतं. उजवा तेवढा हलत राहतो, चादर चाचपतो, पदर ओढतो, सापडेल ते उचलतो. मी विचारलं, कधी डाव्याने उचलतील का? डॉक्टर म्हणाले, "नाय. खोट उजव्या बाजूला हाय. मेंदूचा कारभार उलटा असतो, म्हणून डावा हात अडकतो. मावशींचा उजवाच चालणार, दर टायमाला."

आता तू म्हणशील, तीस वर्षांत एवढी माणसं समोर बसली, कुणाच्या लक्षात कसं आलं नाही? अरे, सगळ्यांनी बघितलं होतं. देवी उजव्या हाताने देते, असंच म्हणायचे ना सगळे? डाव्या हाताने कुणी प्रसाद तरी देतं का? उजवाच हात पुढे येतो यात कुणाला नवल वाटायचं कारणच नव्हतं. तबकाच्या उजव्या अंगाला काय ठेवलंय, हे मात्र कुणी बघितलं नाही.

विहीर कुठे पाडायची, चुलत्यांशी वाटणी करायची की नाही, मला बारावीनंतर शिकवायचं का. आणि तुझं अनुपमाशी लग्न. ती घटस्फोटित, तुझ्यापेक्षा दोन वर्षांनी मोठी, आणि तू अडून बसलेला. आईच्या हातात बिब्बा आला, सगळ्या भावकीने मान डोलावली आणि तू त्याच कपड्यांवर निघून गेलास, तिच्याशी लग्न करून दौंडलाच राहिलास.

तबक आबा मांडायचे, सत्यजीत. दरवेळी तेच मांडायचे. मी आज काही ठरवत नाही, माझं डोकं चालत नाही. स्टुलावर बसून चार रात्री काढल्यात.

अनिता


शिरूर, १२ डिसेंबर

सत्यजीत,

नऊ वर्षांनी तुझा एका ओळीचा मेसेज आला. "आबांना माहीत होतं का?" आई कशी आहे, तू कशी आहेस, काही नाही. असो, आला हे काय कमी आहे?

पण आधी आईचं. दवाखान्यातून निघायच्या दिवशी तिने हट्ट धरला की मला बी दाखवा. तिने स्वतःला त्या अवस्थेत कधी बघितलेलंच नव्हतं. बाकी सगळ्या गावाने बघितलं, तिने नाही. डॉक्टरांनी दाखवलं. ती पुढे वाकून बघत राहिली. म्हणाली, "ही देवी व्हय? ही तर भ्यालेली बाई हाय."

पुन्हा लावायला सांगितलं. दुसऱ्यांदा बघताना तिने स्वतःचे दोन्ही हात मांडीवर ठेवले आणि ती पडद्याकडे नि हातांकडे आळीपाळीने बघत राहिली. "दर टायमाला ह्योच?" असं उजवा हात वर करून विचारलं. डॉक्टर हो म्हणाले. गाडीत ती खिडकीला डोकं टेकून बसली. मला वाटलं वायरींनी दमली असेल.

आता तुझा प्रश्न. परवा निमोण्याला गेले. आबा गोठ्यापाशी खाटेवर बसले होते. वय झालंय त्यांचं, तू बघशील तर ओळखणार नाहीस. मी आडवळणाने विचारायचं ठरवलं होतं, पण तेवढीही ताकद नव्हती. सरळच विचारलं.

"आबा, तबक तुम्ही मांडायचा. उजव्या हाताचं ठाऊक होतं तुम्हाला?"

त्यांनी तंबाखू मळली, तोंडात टाकली, थुंकले. मग म्हणाले, "इहिरीच्या टायमाला ध्यानात आलं."

"मग?"

"मग काय? घर चालवायचं म्हंजी कुनीतरी ठरवायला लागतंय. माजं कोन ऐकत व्हतं? भाऊ ऐकत न्हवतं, माजी आई ऐकत न्हवती. देवीचं समद्यांनी ऐकलं. भांडान न्हाई, तंटा न्हाई."

"आणि सत्यजीत?"

"सर्जेरावला शब्द दिला व्हता. त्याच्या पोरीचं आन् सत्याचं. सोसायटीचं विलेक्शन तोंडावर, पॅनेल त्याचं." खाटेची सैल दोरी ओढत राहिले. "मला वाटलं, चार महिनं रुसंल आन् यील. नऊ वरसं लावली त्यानं."

मला त्यांचा गळा धरावासा वाटला आणि त्यांच्याशेजारी आडवं होऊन झोपावंसंही वाटलं. दोन्ही खरं आहे. तू रागावशील, पण मी ओरडले नाही. ओरडायला आधी झोप पूर्ण झालेली असावी लागते.

मग ते म्हणाले, "अनिते, तुज्या आईला त्या ऑपरेशनला तयार करायचं का न्हाई, सांग. मी सुपारी उजवीकडं ठेवतो. मंगळवारी भावकी बसवू. देवीच व्हय म्हनली की ती न्हाई म्हनायची न्हाई."

आणि सत्यजीत, मी हो म्हटलं.

तुझ्या तोंडाचा आकार मला इथून दिसतोय. पण तू ये आणि दुसरा मार्ग दाखव. मी सकाळी साडेपाचला डेपोत असते, ड्युटी संपली की निमोणे, तिथे आईच्या मागे मागे चुलीपासून गोठ्यापर्यंत फिरायचं, परत येऊन भाकरी. ती रस्त्यात कुठे उभी राहील या धास्तीने मला गाडीतसुद्धा दचकून जाग येते. खोट्याने तुला हे घर तुटलं हे मला कळतं. त्याच खोट्याने तिचा जीव वाचत असेल तर मला चालेल. इतकी दमले आहे मी.

अनिता


निमोणे, १८ डिसेंबर

प्रिय सत्यजीत,

मंगळवारी भावकी बसली. ओसरीवर सतरंजी, चहा झाला, पोपटराव चुलते नेहमीच्या जागी खांबाला टेकून. आबांनी तबक मांडून आणलं आणि आईच्या समोर ठेवलं. सुपारी तिच्या उजव्या अंगाला, बिब्बा डाव्या. मी मुद्दाम बघितलं. आणि बघितलं म्हणून मान खाली घातली.

फिट दिवसातून एकदा येतेच हल्ली, त्यामुळे नुसतं वाट बघत बसायचं. कांद्याच्या भावाच्या गप्पा चालल्या होत्या. आई भिंतीला टेकून होती. अचानक ती आबांना म्हणाली,

"अवो, त्ये तबक उचला."

आबांना वाटलं वास आला. ते तबक तिच्या मांडीवर ठेवायला लागले. तिने हाताने लोटलं.

"मांडीवं न्हाई. आत नेऊन ठेवा. देवी यायच्या आदी मला इचारा. मी हाय न्हवं हितं बसलेली?"

 पोपटराव चुलते म्हणाले, "वैनी, आसं कसं? कौल हाय." तर आई म्हणाली, "भावजी, तीस वरसं ह्या घरात कौल घेतला. म्या काय उचाललं त्ये मला तुमी सांगायचा, आन् मी त्येच खरं धरायची. पोरगं गेलं माजं, त्ये बी तुमीच सांगितलं मला. डोस्कं माजं कापायचं हाय. ह्ये तरी मी जागी हाय तवर इचारा."

आबा तबक धरून उभेच होते. ती त्यांच्याकडे बघत होती. "तुमी काय मांडत व्हता, त्ये मला दवाखान्यात कळलं," एवढंच म्हणाली, हळू आवाजात. आबा खाली बसले, तिथेच, जमिनीवर. तबक कलंडलं, तांदूळ सांडले, ते भरायलाही कुणी उठलं नाही.

गंमत बघ, विचारा म्हणाली तर कुणाला विचारता येईना. सगळ्यांना देवीला विचारायची सवय, आईला काय म्हणून विचारायचं? शेवटी मीच तोंड उघडलं. "आई, ऑपरेशन करायचं?"

तिने मलाच उलटे प्रश्न घातले. माणसं ओळखू येतील का? मळ्याची वाट सापडंल का? मेले तर? डॉक्टरांनी मला सांगितलं होतं तेवढं सांगितलं. शब्दांचा कारभार बहुधा डाव्या बाजूला असतो, त्यामुळे बोलणं राहील. चेहरे, वाटा यांत थोडा घोळ होऊ शकतो. आणि धोका आहे, कमी आहे, पण आहे. मी काही गोड करून सांगितलं नाही. ती बोटं मोडत बसली, मग म्हणाली,

"देवी गेली तर शुक्रवारी कोन येनार न्हाई माज्याकडं. मला त्येचं वाईट वाटंल. भ्या बी वाटतंय. पन करायचं."

तासाभराने वास आला. या वेळी मांडीवर तबक नव्हतं. मी तिला धरून बसले, चूल दूर होती, रस्ता दूर होता. डावा हात ताठला, उजवा माझ्या ओढणीचा काठ चाचपत राहिला. चुलत्यांच्या सूनबाई सवयीने पाया पडल्या. बाकी कुणी हात जोडले नाहीत. भानावर आल्यावर तिने जुन्या सवयीने विचारलं, "काय म्हनली देवी?"

मी म्हटलं, "काही नाही. तू मघाशीच सांगितलंस, ऑपरेशन करायचं म्हणून."

"व्हय, माज्या ध्यानात हाय," म्हणाली, आणि रडायला लागली. मीपण रडले. फार दिवसांनी बरं वाटेपर्यंत रडले.

जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात दाखल व्हायचं आहे. आबा दवाखान्यात येतो म्हणतात, आई त्यांना अजून हो किंवा नाही काही म्हणालेली नाही. ते रोज विचारतात आणि ती रोज "बघू" म्हणते. या वयात त्यांना विचारायची सवय लागतेय, लागू दे.

आज पत्र लिहायला बसले तर ती शेजारी येऊन बसली आणि म्हणाली, सत्याला माझं पण लिही. ती सांगते तसं लिहिते आहे.

"सत्या, तवा मला कुनी इचारलं न्हाई. तू बी इचारलं न्हाईस, तू बी तबकाकडंच बघत व्हतास. डोस्कं उघडायच्या आदी ये. अनुपमाला संगं आन, माज्या म्होरं बस आन् मला इचार, ही तुला सून म्हनून चालंल का. मी व्हय म्हनंन का न्हाई म्हनंन, मला आत्ता ठाव न्हाई. तिला मी धड बघितलेलं बी न्हाई. पन जे काय आसंल त्ये मी माज्या तोंडानं सांगंन."

मी तिला म्हटलं, अगं, नुसतं हो म्हणून टाक, नऊ वर्षांनी येईल तो. तर म्हणते, मग ते तुझं होईल, माझं नाही. म्हणून तिचे शब्द आहेत तसेच लिहिलेत, मी त्यात काही मांडलेलं नाही.

तुझी ताई,
अनिता